काळी कड

"ही बघ, सूनबाई!" धुराड्यातून काढलेली भाजक्या मातीची नळी ओब्रादने न्हाणीघराच्या फरशीवर उभी केली आणि बोटाच्या पेराने वाजवली. नळी खणखणली. "माझ्या हाताने बसवल्यात या. दिसतो कुठे तडा?"

"पुढची काढा," नेवेना म्हणाली.

वरच्या नळ्या त्याने सकाळीच छपरावरून दोरीने ओढून काढल्या होत्या. खालच्यांसाठी न्हाणीघराची भिंत फोडावी लागली. थंडी पडायच्या आत धुराड्यात नवा लोखंडी पाइप घालायचा होता. नेवेनाने त्यासाठी गवंडी बोलावला, तर ओब्रादने त्याला फाटकातूनच हाकललं. माझ्या नळ्यांना परका हात लागणार नाही, म्हणाला.

गेल्या जानेवारीत याच न्हाणीघरात त्याचा मुलगा वेलिबोर टबात मेलेला सापडला होता. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरातली चूल पेटलेली होती. माझा नवरा धुराड्यातून गळलेल्या धुराने गुदमरला, असं नेवेना सांगत राहिली. ओब्रादने मात्र उझित्से शहराच्या बाजारापर्यंत सगळ्यांना सांगितलं, की पोरगं ढोसून आत गेलं आणि पाण्यात झोपलं.

"दोन पेले प्याला होता तो," नेवेना म्हणाली. "तुम्हीच ओतलेले."

"दोन? दोन पेल्यांनी माणूस असा झोपतो होय?"

"तेच म्हणतेय मी."

ओब्रादने छिन्नी लावली. सांध्यातला चुना फोडून नळी दोन्ही हातांनी ओढली. ती हातातच दुभंगली.

"हातोडा लागला," तो लगेच म्हणाला. "आत्ता फुटली."

नेवेनाने एक तुकडा उचलला. ताजी फूट लाल असते. ही कड वरपासून खालपर्यंत काळी होती. तिने कडेवरून बोट फिरवलं आणि काजळी लागलेलं ते बोट त्याच्यासमोर धरलं.

ओब्रादने दुसरा तुकडा घेतला. कड अंगठ्याने घासली, मग बाहीने घासली. आतून लाल काही निघेना.

"झालं का हो?" स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोचा, स्तामेनाचा, आवाज आला. "नीट आहेत ना नळ्या?"

पोरगा दारूने गेला म्हणून स्तामेनाने तेव्हापासून चर्चची पायरी चढली नव्हती. गावात तोंड दाखवायची लाज वाटे तिला.

ओब्रादने आवाज खाली आणला. "तिला नको सांगूस. सहन व्हायचं नाही तिला. तुझ्या पाया पडतो, पोरी."

नेवेनाने जाऊन न्हाणीघराचं दार सताड उघडलं.

"आई, जरा इकडे या," तिने हाक मारली. "बाबांना तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सपाता फरपटत जवळ येऊ लागल्या. ओब्राद खाली बसला आणि नळीचे दोन तुकडे एकमेकांना जुळवून घट्ट धरू लागला.