पारख

फळाची पारख रक्तातच असावी लागते, असं मार्केट यार्डातल्या मैनुद्दीनभाईंचं ठाम मत होतं. लेक सुमय्याच्या फळं निवडणाऱ्या रोबोटला रक्तच नव्हतं. शिकवायला फोटो हवेत हजारो, सुमय्याकडे होता एक आठवडा. “अब्बा, साठच डाळिंबांचे फोटो काढू. चांगलं कुठलं, खराब कुठलं, तुम्ही सांगा.” भाईंनी चांगलं डाळिंब दर वेळी निळ्या फिरोजा खड्याची अंगठी घातलेल्या हातात लाडाने धरलं, किडकं गोणपाटावरच पडू दिलं. प्रात्यक्षिकाला कंपनीचे साहेब आले. रोबोटने चांगलं फळ उचललं तर सुमय्याचा प्रकल्प पुढे जाणार, नाहीतर बंद. भाईंनी टेबलावर डाळिंबं मांडली. यांत्रिक हाताने फळं ओलांडून भाईंचं अंगठीचं बोट अलगद धरलं. “अब्बा, याने डाळिंब नाही, तुमची अंगठी पाठ केलीय!” साहेबांनी फाईल मिटली. “पारख आहे पोराला,” हात न सोडवता भाई म्हणाले. अंगठीतला फिरोजा मात्र काचेचा होता.