जांभळी फुलं

म्हैस बंधाऱ्यात शिरली आणि तिला वळवायला कारभारी मागोमाग उतरला, एवढंच भागिरथीनं काठावरून बघितलं. जांभळ्या फुलांचं ते हिरवं रान पाण्यावर असं माजलं होतं की खाली पाणी आहे हेच कळू नये. म्हैस पलीकडं निघाली. नवरा काही वर येईना.

तिच्या ओरडण्यासरशी शेजारच्या रानातला रंभाजी धावला. कमरेला दोर बांधून त्यानं बुडी मारली आणि कारभारीला ओढत काठावर आणलं. काळ्या मुळ्या त्याच्या पायांत मांड्यांपर्यंत गुंतल्या होत्या.

"धुगधुगी हाय अजून," विळ्यानं मुळ्या तोडत रंभाजी म्हणाला. "दोन वर्सांमागं हितं नितळ पानी हुतं. ही अवदसा आनली तरी कुनी?"

भागिरथी खाली मान घालून नवऱ्याचे तळवे चोळत राहिली. दोन वर्षांमागं, एकोणसत्तर सालच्या गौरीच्या आराशीला बेलापूरच्या एका साहेबाच्या बंगल्यातल्या हौदातून तिनं एकच रोप मागून आणलं होतं.



सण उरकल्यावर, निर्माल्य कुणाच्या पायात येऊ नये म्हणून तिनंच ते बंधाऱ्यात सोडलं होतं.