अर्थ नसलेले आवाज

माझी अडीच वर्षांची दानेश्वरी फारसं बोलत नाही, म्हणून डॉक्टरांनी मला तिचे शब्द वहीत लिहायला सांगितले. महिनाभरात अकराच झाले. बाकीचे सगळे मी 'अर्थ नसलेले आवाज' म्हणून सोडून दिले.

आज आंबिलीतल्या गुठळीकडे बोट दाखवून ती ओरडली, "गंटू!" मग गुळाने बरबटलेली बोटं झटकत, "अंटू!"

"बघा अत्ती, पुन्हा तेच," मी दिवसा तिला सांभाळायला गडहिंग्लजहून येऊन राहिलेल्या सासूबाईंना म्हणाले.

"बराबर हाय की! गंटू म्हंजे गुठळी, अंटू म्हंजे चिकट. माझ्यासंगं कानडीच बोलती ती. तुला ठावं न्हाय व्हय?"

दानेश्वरीच्या तोंडाशी नेलेला माझा चमचा थांबला.

"आणि भरवताना रोज 'ब्याडा, ब्याडा' करते, ते?"

"नको म्हणती पोर."