कच्चा टाका

बायको नर्स म्हणून परदेशी गेली, तेव्हाच शिंप्यानं लेकीसाठी गरम कोट शिवला. पण बापलेकीच्या व्हिसाचे नियम सरड्यासारखे रंग बदलत राहिले. कधी पगाराची अट वाढायची, कधी नवाच कागद लागायचा. लेकीचे हात वाढायचे थोडेच थांबणार होते! दर बदलाला शिंपी दुमडलेल्या बाह्या उसवून बोटभर सोडायचा. म्हणून टाकाही कच्चाच घालायचा. आज बायकोचा फोन आला. “अहो, नियम पुन्हा बदलला!” फोन खांद्याशी दाबून त्यानं कोटाची बाही उसवायला घेतली. “ऐका तरी! या वेळी अट सैल केलीय. तुम्हा दोघांचा व्हिसा मंजूर झालाय!” तोवर एक बाही सुटलीही होती. त्यानं लेकीला कोट चढवला. न उसवलेली बाही नेमकी मनगटावर टेकली. “बाबा, दुसरी केवढी लांब!” शिंप्यानं ती दुमडली आणि तो पहिल्यांदाच पक्की शिवायला मशीनवर बसला.