मैयाचा हार

दर सोमवारी बापू ग्वारीघाटावरून नर्मदामैयाच्या प्रसादाचा झेंडूचा हार आणायचे आणि मुलाच्या, सुशांतच्या, मोटारसायकलला मागून असा बांधायचे, की नंबर पार झाकून जाई. रस्त्यावर वेग मोजणारे कॅमेरे लागल्यापासूनची ही त्यांची युक्ती. "मैयाचा प्रसाद आहे, पोलीस बी हात नाही लावत," असं ते कौतुकानं सांगायचे. आज हार घसरून राहिला होता, म्हणून त्यांनी तो घरातल्या निळ्या वायरीनं करकचून आवळला.

दुपारी शेजारच्या बाळाजींच्या बायकोला एक मोटारसायकलवाला उडवून पळून गेला. बाळाजींना आधार म्हणून बापूच त्यांच्यासोबत ठाण्यात गेले. "तिथं कॅमेरा आहे, बाळाजी. सुटत नाही तो हरामखोर," असं ते वाटभर म्हणत होते.

हवालदारानं कॅमेऱ्यातला फोटो मोठा करून दाखवला. गाडीची मागची बाजू लख्ख आली होती. नंबरच्या जागी झेंडूचा हार होता, निळ्या वायरीनं आवळलेला.

"नंबर तो दिख नहीं रहा, भैया," हवालदार म्हणाला. "गाड़ी पहचानते हो क्या?"

बाळाजी बापूंकडे वळले. "तुम्हीच पाहा ना जी. माझ्या डोळ्यांपुढं तर अंधार येऊन राहिला."

बापूंनी चष्मा काढला, खिशात ठेवला आणि मग फोटोवर वाकले.

"नाही जी," ते म्हणाले, "काहीच दिसून नाही राहिलं."