सैल वायर

जुनी गाडी पुन्हा सुरू होईना, तेव्हा मीच बॉनेट उघडलं. बॅटरी ठणठणीत होती, फक्त तिची वायर सैल होती. घट्ट करताच इंजिन पहिल्याच किल्लीला सुरू झालं.

"अगं, पोरीनं आणली बघ ताळ्यावर!" बाबा आईला ओरडून म्हणाले आणि ऐटीत स्टिअरिंगवर बसले. मी शेजारी बसले.

फाटकापाशी त्यांनी ब्रेक लावला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"बाळा, बाजार कुठल्या बाजूला गं?"

त्याच बाजारात त्यांनी जन्मभर दुकान चालवलं होतं.

संध्याकाळी आईनं पिठाच्या डब्यामागून पाना काढला आणि माझ्या हातात ठेवला.

सकाळी बाबा किल्ली फिरवून वैतागले. "पुन्हा रुसली वाटतं!"

"जुनी झालीय बाबा," नखांतलं ग्रीस लपवत मी म्हणाले.