शिळं पाणी

"यातली बरी मशीन कोणती?" दुर्गाप्रसादांनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा विचारल्याची त्यांना लाज वाटली.

काउंटरवर पाणी शुद्ध करायची तीन यंत्रं मांडली होती. एक कोळशाचं, एक पाण्यातलं लोह काढणारं आणि एक आरओचं, दिसायला देवघराएवढं. गोंदियाच्या बाजारातलं शोभेच्या माशांचं हे एकच दुकान त्यांना ठाऊक होतं. दुकानदार गोवर्धनला घाई नव्हती.

"पाणी विहिरीचं म्हणता. पिवळं पडते काय, काकाजी?"

"छे. गोड आहे. एके काळी कुडवा गावातला अख्खा मोहल्ला आमच्याच विहिरीवर यायचा."

बोलता बोलता त्यांना रहाटाचा आवाज ऐकू आला. त्यांची बायको रामकली लग्न होऊन आली, तेव्हापासून पहाट त्या आवाजानेच व्हायची. रात्रीचं शिळं पाणी ओतून द्यायचं, पाण्याचा पितळी गुंड घासायचा, ताजं भरायचं. तिलक शाळेत जायला लागला तेव्हा त्याच्या बाटलीसाठी ती वेगळी बादली ओढायची. पोराला तिने शिळं पाणी कधी दिलं नाही.

आता तिलक पुण्याला कंपनीत होता. जाताना माशांची काचेची पेटी आईच्या हवाली करून गेला. सातातले दोन उरले होते. रविवारी फोनवर तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "पाणी ताजं भरतं ना रे, बाबू?" खोलीवर कॅनचं पाणी येतं, असं तो सांगे. "कवाचं भरलेलं असते, कोणाले मालूम," फोन ठेवून ती म्हणे, आणि मग तिला जेवण जात नसे.

"पानी कितने दिन में बदलते?" गोवर्धनने विचारलं.

"रोज."

"थोडं थोडं?"

"पूर्ण. पहाटे पेटी रिकामी करते, आणि विहिरीतून काढलं की लगेच..." दुर्गाप्रसाद मध्येच थांबले.

गोवर्धनने यंत्रं एकेक करून मागे सरकवली. "मग मशीन कायले घेता? पाणी रातभर बादलीत ठेवा, हवा लागू द्या. आठवड्यातून थोडंसंच बदला. माशाले शिळंच पाणी लागते, काकाजी."

मशीन नेणं सोपं होतं. विहीर बिघडली, असं सांगता आलं असतं. रामकलीला काही समजावून सांगायची वेळ आली की त्यांच्या तोंडी नेमके पुस्तकातले शब्द येत. पण त्या विहिरीला नावं ठेवणं त्यांच्याने होईना. ते रिकाम्या हाताने घरी आले.

"काऊन? मशीन नाही आणली?" रामकली दारातच उभी होती. "मरू देता काय लेकराचे मासे?"

"त्यांना शिळं पाणी लागतं."

"शिळं?"

"हो. रात्रभर ठेवलेलं."

ती उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "म्हणजे मीच..."

"तुला कोणी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. याहून बरं वाक्य त्यांना पुढेही कधी सुचलं नाही.

संध्याकाळी रामकलीने एक बादली ओढून ओसरीत ठेवली. सकाळी सवयीने ती ओतून द्यायला उचलली, आणि तशीच खाली ठेवली.

एक रविवार गेला. दुसरा आला. दोन्ही मासे पेटीत फिरत होते. फोन वाजला तेव्हा रामकली पेटीसमोरच बसली होती.

"कसा आहेस रे, बाबू?" तिने विचारलं. दुर्गाप्रसाद पाण्याच्या प्रश्नाची वाट बघत राहिले. तो आलाच नाही.

"बरा आहो, आई," तिकडून तिलक म्हणाला.

माशांवरची नजर न काढता रामकली म्हणाली, "हो. दिसून राहिलं मले."